आधी फोटो, मग पाणी, मग सुई: शास्त्रीय संगीताच्या जुन्या तबकड्या घरी आणल्यावर

जुनी एलपी घरी आली की बहुतेक जण ती लगेच लावतात, मग कव्हरचा फोटो चार मित्रांना पाठवतात आणि धूळ दिसलीच तर शेवटी पुसतात. हा क्रम नेमका उलटा आहे. धुळीसकट लावलेल्या तबकडीत सुई ती धूळ खाचेच्या भिंतीत रगडते, आणि तो चरा पुढे कितीही धुतले तरी जात नाही. फोटो न काढता धुतली आणि लेबल भिजले, तर त्यावरचा क्रमांक किंवा रागाचे नाव कायमचे जाते. नुसत्या कव्हरच्या फोटोवरून समोरच्या जाणत्याला काहीच कळत नाही: मोनो की स्टिरिओ, मूळची की पुनर्मुद्रित, आणि मुख्य म्हणजे वाजते कशी.

पुढचे सगळे हिंदुस्थानी संगीताच्या एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या) आणि लाखेच्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या धरून लिहिले आहे. कॅसेटचे थोडे वेगळे, तेही ओघात येईल.

## तयारी: खरेदीच्या आधी घरात काय हवे

तबकडी घरी आल्यावर सामानाची शोधाशोध सुरू झाली की माणूस शर्टाच्या टोकाने पुसायला लागतो. म्हणून हे आधीच आणून ठेवा:

- डिस्टिल्ड वॉटर, किमान २ लिटर. बॅटरीसाठी मिळते ते चालते, पण बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड लिहिलेले वाचून घ्या. त्याच कपाटात बॅटरीचे ॲसिडही असते. नळाचे पाणी चालत नाही, ते वाळल्यावर क्षार खाचेत बसतात.
- मऊ, दाट केसांचे दोन रुंद ब्रश. एक एलपीसाठी, एक लाखेच्या तबकड्यांसाठी. दोन का, ते धुण्याच्या टप्प्यात.
- रंग आणि वास नसलेला भांड्यांचा पातळ साबण. लागतो थेंबांच्या हिशेबात.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, फक्त एलपीसाठी.
- मायक्रोफायबरची चार फडकी, भांडी वाळवतात तसा उभ्या खाचांचा स्टँड, आणि तिरपा उजेड पाडता येईल असा टॉर्च.
- नव्या आतल्या पिशव्या. पॉलिथिनच्या किंवा आम्लरहित कागदाच्या. पीव्हीसीच्या नकोत, त्या वर्षानुवर्षे चिकटून राहिल्या की तबकडीवर न जाणारा पांढुरका ढग उठतो.
- सुया दोन. एलपीच्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, ७८ च्या सुईची ७० ते ७५. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते. गाणे कमी आणि खरखर जास्त ऐकू येते.

## १. घेण्यापूर्वीची दोन मिनिटे

तबकडी बाहेर काढा आणि टॉर्च जवळजवळ आडवा धरून तिच्यावर उजेड टाका. समोरून पडलेल्या उजेडात सगळ्याच तबकड्या छान दिसतात. आडव्या उजेडात ओरखडे वेगळे दिसतात आणि झीज वेगळी. ओरखडा एका रेषेत चमकतो, झिजलेल्या खाचा मात्र काळेपणा सोडून राखाडी दिसायला लागतात. ओरखड्याने टकटक होते, ती कान सहन करतो. झिजलेल्या तबकडीत तार सप्तकातली प्रत्येक आस (लांबवलेला सूर) फाटते आणि त्यावर इलाज नाही. शंभर बारीक ओरखड्यांची चकचकीत एलपी घ्या, एकही ओरखडा नसलेली राखाडी एलपी सोडून द्या.

लाखेच्या तबकडीला कडेपासून आत गेलेली केसासारखी भेग आहे का, ते दोन्ही बाजूंनी पाहा. भेग खाचांना आडवी जाते, म्हणून तबकडी हळू फिरवली की एका कोनात चमकून जाते.

मग मधले भोक पाहा. भोवती सुईने ओरबाडल्यासारख्या रेषांचे जाळे असेल तर तबकडी खूपदा लावली गेली आहे. शेवटी तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाक बघा. कडेचा थोडा लाटेसारखा वाक चालतो. बशीसारखा खोलगट वाक असेल तर सुई घसरते.

कव्हर आणि तबकडी जुळतात का, हे मात्र हमखास राहून जाते. जुन्या बाजारात कव्हर एकाचे आणि आत तबकडी दुसऱ्याची, हे रोजचेच. कव्हरवरचा क्रमांक आणि लेबलवरचा क्रमांक दोन्ही वाचा.

विक्रेत्याची प्रतवारी वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (व्हेरी गुड) आणि त्याखाली गुड, अशी उतरण असते. म्हणजे 'गुड' लिहिलेली तबकडी बऱ्यापैकी वाईट असते. आणि ही प्रतवारी नुसती बघून केली आहे की वाजवून, हे विचारल्याशिवाय तिला काही अर्थ नाही.

तपासा: कुरिअरने मागवत असाल तर तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, कव्हरच्या शेजारी ठेवून पाठवायला सांगा. आतच ठेवली तर हादऱ्यांनी ती कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. ७८ च्या तबकड्या स्वतः आणत असाल तर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, उभ्या. प्रवासात एकावर एक ठेवलेल्या तबकड्यांत सगळ्यात खालची आधी जाते.

## २. घरात आल्यावर आधी बाजूला

नवी-जुनी खरेदी थेट संग्रहाच्या कपाटात ठेवू नका. पावसाळी हवेच्या भागातून आलेल्या कव्हरांवर बुरशी असतेच. कधी दिसते, कधी नुसता वास येतो. आठवडाभर वेगळ्या, कोरड्या, हवेशीर जागी उभ्या ठेवा. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क लावून, घराबाहेर किंवा गॅलरीत, कोरड्या ब्रशने झटका. तो ब्रश पुन्हा दुसऱ्या तबकडीला लावायचा नाही.

जुनी आतली पिशवी फेकण्याआधी दोन्ही बाजूंनी बघा. त्यावर कधी पेन्सिलने तारीख, कधी मालकाने लिहिलेला रागसमय सापडतो. असा कागद वेगळ्या पाकिटात ठेवा, तबकडी नव्या पिशवीत.

## ३. पाण्याच्या आधी फोटो

हा टप्पा लोक गाळतात आणि मग हळहळतात. लाखेच्या तबकड्यांची लेबले जुन्या कागदाची, शाई कच्ची. एक थेंब पुरतो.

पाच फोटो लागतात: कव्हर पुढून, कव्हर मागून, दोन्ही लेबले, आणि शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्ट्याचा एक. त्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो. लेबलवरचा क्रमांक विक्रीचा, हा साच्याचा. लेबल चुकीचे चिकटले असेल तर खरे कोण गाते आहे ते यावरून कळते. तिरप्या टॉर्चमध्ये तो उठून दिसतो.

फ्लॅश नको. खिडकीजवळ, थेट ऊन पडत नसेल अशा उजेडात, मोबाइल लेबलच्या अगदी वर समांतर धरून फोटो घ्या. १२ इंची कव्हर साध्या ए-४ स्कॅनरवर मावत नाही. दोन तुकडे स्कॅन करून जोडण्यापेक्षा फोटोच सरस.

मग लेबल वाचा. इथे चार सापळे आहेत.

पहिला, नावांचा. जुन्या तबकड्यांवर मास्टर, मिस, प्रोफेसर, बाई अशी बिरुदे असतात. एकच कलाकार दोन नावांनी सापडतो: बालगंधर्व आणि नारायणराव राजहंस, सवाई गंधर्व आणि रामभाऊ कुंदगोळकर. संग्रहात ही दोन माणसे होऊन बसतात.

दुसरा, रागाच्या स्पेलिंगचा. भूप आणि भूपाली एकच; मालकंस, मालकौंस, मालकोश एकच. रोमन लिपीत तर विचारूच नका. लेबलवर जे छापले आहे ते जसेच्या तसे एका रकान्यात, तुम्ही ठरवलेले एकच रूप दुसऱ्या रकान्यात. छापलेले दुरुस्त करून टाकू नका. ती चूकच कधी आवृत्ती ओळखायला कामी येते.

तिसरा, मोनो-स्टिरिओचा. एचएमव्हीच्या जुन्या भारतीय एलपींवर क्रमांकाच्या आधीची अक्षरे बघा. ईएएलपी आणि ईसीएलपी या मोनो, ईएएसडी आणि ईसीएसडी या स्टिरिओ. पुनर्मुद्रणाच्या कव्हरवर कुठेतरी बारीक अक्षरांत 'इलेक्ट्रॉनिकली रिप्रोसेस्ड' दिसले, तर मूळ मोनो मुद्रणाला ओढून-ताणून स्टिरिओ केले आहे. तंबोरा उजवीकडे आणि गवई कुठे मध्येच पाण्याखाली, असे ऐकू येते. पर्याय असेल तर मोनो घ्या.

चौथा, तुकड्यांचा. १० इंची ७८ ची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपते, १२ इंची सुमारे साडेचार. त्यामुळे एकच राग दोन बाजूंवर 'भाग १' आणि 'भाग २' असा असतो, तर कधी दोन बाजूंवर दोन स्वतंत्र चिजा (बंदिशी) असतात. तबकडी म्हणजे एक नोंद असे समजलात की सूची कायमची गोंधळते.

लेबल फाटले असेल, क्रमांक वाचता येत नसेल, तर अगदी जुन्या तबकड्यांत बाजूच्या शेवटापर्यंत ऐका. भारतात १९०२ साली मुद्रणे सुरू झाली तेव्हा आणि नंतरही काही वर्षे कलाकार शेवटी स्वतःचे नाव सांगत. गायिका गौहर जानचे 'माय नेम इज गौहर जान' त्यातूनच आले. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला दाबल्या जायच्या, आणि तिथल्या कामगारांना कोणते गाणे कोणाचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

## ४. धुणे

आधी तबकडी कोणत्या पदार्थाची ते ठरवा. एलपी व्हिनाइलची, हलकी आणि किंचित लवचीक. ७८ लाखेची, जड आणि ताठ. कडेला धातू दिसत असेल किंवा मधल्या भोकाशेजारी आणखी एखादे भोक असेल, तर ती बहुधा धातूवर लॅकरचा थर दिलेली, एकेकटी कापलेली तबकडी आहे. ती धुवायची नाही. पाणी लागले की थर पापुद्र्यांनी सुटतो. कोरड्या ब्रशने अलगद झटका आणि जाणकाराकडे न्या.

सावध: लाखेच्या तबकडीला अल्कोहोल, स्पिरिट, सॅनिटायझर यांतले काहीही लावू नका. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, तेच इथे होते. एका हातफेरीत गाणे पॉलिश होऊन जाते. दोन ब्रश वेगळे ठेवायचे ते यासाठीच. रॉकेल आणि खोबरेल तेल यांचेही नाव काढू नका. तेलाने तबकडी तासभर चकाकते आणि मग घरातली सगळी धूळ ओढून घेते.

एलपीसाठी मिश्रण: ४ भाग डिस्टिल्ड वॉटर, १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि लिटरभर मिश्रणाला साबणाचे २-३ थेंब. लाखेसाठी अल्कोहोल वगळून फक्त पाणी आणि तेवढेच थेंब.

क्रम असा:

1. स्वच्छ टॉवेलवर तबकडी ठेवा. लेबलवर घट्ट बसेल असे प्लास्टिकचे झाकण ठेवा; नसेल तर लेबलच्या कडेपासून एक सेंटिमीटर आधीच ब्रश थांबवा.
2. कोरड्या ब्रशने मोकळी धूळ काढा. ही पायरी गाळली तर पुढे चिखल होतो.
3. ब्रश मिश्रणात बुडवून खाचांच्या दिशेने, गोल, तीन-चार फेऱ्या. मग उलट दिशेने तितक्याच. आडवे कधी घासायचे नाही. जोरही नको, ब्रशचे केस खाचेत शिरले म्हणजे काम झाले.
4. एलपी मिनिटभर तशीच ठेवा. लाखेची तबकडी ठेवायची नाही, लगेच पुढे जा. तिच्यात लाखेबरोबर दगडाच्या भुकटीसारखे भराव असतात आणि ते पाणी शोषतात.
5. स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. साबण राहिला तर पहिल्याच वेळी सुईच्या टोकावर पांढरा गोळा जमतो. तो दिसला की समजा, धुणे अर्धवट झाले.
6. मायक्रोफायबरने टिपा. पुसू नका, टिपा. मग स्टँडवर उभी वाळवा, एलपी तासभर, लाखेची दोन तास. पंखा बंद ठेवा, नाहीतर ओल्या खाचेत धूळ बसते आणि सगळे पहिल्यापासून. उन्हात तर मुळीच नको.

कोमट पाण्यापर्यंत ठीक, गरम नको. व्हिनाइल वाकते, लाखही.

## ५. पहिल्यांदा वाजवणे, आणि पट्टी

सुईचा भार एलपीसाठी बहुतेक कार्ट्रिजना (सुई ज्यात बसते तो भाग) दीड ते दोन ग्रॅम लागतो, ७८ साठी तीन ते पाच. नेमका आकडा कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातला धरा. कमी भार म्हणजे तबकडीवर दया, ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि प्रत्येक उडीला भिंत तासते. आणि एलपी कधीही चावीच्या ग्रामोफोनवर, पोलादी सुईखाली ठेवू नका. एक फेरी पुरते.

मोनो तबकडी असेल तर ॲम्प्लिफायरचे मोनो बटण दाबा. खाचेच्या उभ्या हालचालीतला बराचसा कचरा तिथेच गळतो.

टकटक ऐकू आली तर मोजा. ३३⅓ गतीला एका ओरखड्याची टक दर १.८ सेकंदाला येते, ७८ गतीला सेकंदाला सव्वा वेळा. या ठेक्यात पडली तर ती तबकडीची. ठेक्याबाहेर असेल तर धूळ, किंवा विजेचा आवाज.

आता शास्त्रीय संगीताच्या तबकडीलाच लागू पडणारी गोष्ट. फिल्मी गाण्यात वेगातला चढउतार लपून जातो. इथे तंबोरा सतत चालू असतो, त्यामुळे काहीच लपत नाही. भोक जरासे मध्यावर नसेल तर दर फेरीला सा किंचित वर जातो, किंचित खाली येतो, तंबोरा डुलतो. ३३⅓ ला हे डुलणे सावकाश, ७८ ला थरथरीसारखे. डुलत असेल तर तबकडी स्पिंडलवर (मधल्या खिळ्यावर) अगदी किंचित सरकवून पाहा, बऱ्याचदा भोकात तेवढी जागा असते.

७८ चा वेग आणखी घोळाचा. नाव ७८, पण सुरुवातीच्या तबकड्या ७४ ते ८२ मध्ये कुठेही कापलेल्या आहेत. वेग ६ टक्क्यांनी चुकला की पट्टी, म्हणजे गायकाने धरलेला सा, अख्ख्या एका अर्धस्वराने सरकते: काळी एकचा गवई पेटीवरच्या लगतच्या पांढरी दोनवर जातो, आवाज बारीक होतो, ताना उगाच चपळ वाटतात. असा चुकीच्या वेगाने ऐकलेला गवई 'काय तयारी होती' म्हणून वाखाणला जातो, ती तयारी निम्मी टर्नटेबलची असते.

पट्टी ठरवायची पद्धत: मोबाइलवरचे तंबोऱ्याचे ॲप लावा, गायकाचा सा कोणत्या सुराला मिळतो ते पाहा. तो दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लटकत असेल तर वेगाबद्दल शंका घ्या. लगेच निष्कर्ष काढू नका, त्या काळची पेटीच वेगळ्या सुराची असू शकते. त्याच कलाकाराच्या त्याच काळातल्या तीन-चार तबकड्या ताडून बघा. बहुतेकांत पट्टी एक निघाली आणि एकच वेगळी, तर त्या एकीचा वेग बदला.

तपासा: ऐकल्यावर लगेच लिहा: पट्टी, वेग, बाजूची लांबी, विलंबित (संथ लय) कुठे संपते आणि द्रुत (जलद लय) कुठे सुरू होते, टकटक कोणत्या मिनिटाला. नंतर लिहू म्हटले की पुन्हा सुई घालावी लागते.

## ६. डिजिटल प्रत

एकदाच करा, नीट करा. डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. २२ मिनिटांची एक बाजू साधारण ७६० एमबी होते, म्हणजे एलपीला दीड जीबी धरा. आवाजाची पातळी अशी ठेवा की सगळ्यात चढ्या तानेलाही कमाल पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. मापन तबला चढतो तिथे, बाजूच्या शेवटी करा. सुरुवातीची आलापी फसवी असते.

७८ मोनो असली तरी दोन्ही चॅनेलवर घ्या. खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजत नाहीत. कधी डावा चॅनेल उजव्यापेक्षा कितीतरी स्वच्छ निघतो, मग तोच ठेवायचा.

आता मोठी चूक. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला 'नुसत्या खरखरीचा' एक नमुना द्यावा लागतो. लोक गवई श्वास घेतो ती जागा देतात. तिथे तंबोरा चालू असतो. सॉफ्टवेअर इमानाने तंबोऱ्यालाच खरखर समजते आणि पूर्ण बाजूतून पुसून टाकते. उरतो तो गवई विहिरीत उभा राहून गातोय असा आवाज. नमुना सुई टेकल्यापासून पहिला सूर येईपर्यंतच्या रिकाम्या खाचेतूनच घ्या, तोही थोडाच लावा. अस्सल, काहीही न पुसलेली फाइल वेगळी ठेवायची, ती कधी बदलायची नाही.

शांतता शोधून गाणी आपोआप तोडणारा पर्यायही बंद ठेवा. किशोरी आमोणकरांच्या भूपमध्ये 'प्रथम सूर साधे' आणि 'सहेला रे' वेगळ्या ट्रॅकवर टाकले तर सलग मांडणी मोडते. बाजू एक, फाइल एक. खुणा करायच्या तर नोंदीत मिनिट-सेकंद लिहा.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात.

कॅसेटबद्दल एवढेच: बऱ्याच मैफली फक्त कॅसेटवरच निघाल्या, म्हणून त्या टाकू नका. वाजवण्याआधी वरच्या कडेचे लहान प्लास्टिकचे टॅब तोडा, म्हणजे चुकून पुसले जाणार नाही. फीत एकदा शेवटपर्यंत आणि परत गुंडाळून सैल करा. फितीच्या कडेला पांढरे दिसले तर चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

## ७. सूची

एक ओळ म्हणजे एक बाजू. रकाने: तुमचा अनुक्रमांक, कंपनी, छापील क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक, आकार, गती, कलाकार, राग (छापील), राग (ठरवलेला), ताल, बंदिशीचा मुखडा, साथीदार, लांबी, पट्टी, स्थिती, खरेदीची तारीख. साथीदारांचा रकाना लोक सोडतात. तबलावादक किंवा सारंगीये शोधायची वेळ आली की मग सगळी कव्हरे पुन्हा काढावी लागतात.

कपाटात मांडणी अनुक्रमांकानेच करा. कलाकारवार लावली की जुगलबंदीची एलपी कोणाकडे ठेवायची यावर घरातच वाद, आणि नवी खरेदी आली की सगळे सरकवावे लागते.

उभ्या ठेवा, तिरप्या नाहीत, गच्चही नाहीत. शंभर एलपींना ३५ सेंटिमीटर जागा आणि पंचवीस-तीस किलो वजन धरा; पुस्तकांची पातळ फळी मधोमध वाकते. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट पावसाळ्यात ओल धरते, आतल्या भिंतीला ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला तपासा, भिजलेली पुडी असून नसल्यासारखी.

## ८. आता रसिकांना सांगा

इथवर आलात म्हणजे सांगण्यासारखे काही हातात आहे. 'आजची खरेदी! खाँसाहेब!! स्वर्ग!!!' या संदेशाला लोक नमस्काराचे चिन्ह टाकतात आणि विसरतात. याउलट अशी नोंद टाका, उदाहरणादाखल:

> उस्ताद अमीर खाँ. एचएमव्ही, १२ इंची एलपी, मोनो. बाजू १ मारवा, बाजू २ दरबारी. मारव्यात विलंबित झुमरा ताल, 'पिया मोरे अनत देस'. कव्हरची वरची शिवण दोन इंच उसवलेली, आत जुन्या मालकाची सही. बाजू १ स्वच्छ. बाजू २ ला पहिल्या तीन मिनिटांत ठेक्यातली टकटक, पुढे नाही. लेबलवरचा आणि मॅट्रिक्स क्रमांक फोटोत. कोणाकडे याच क्रमांकाची वेगळ्या रंगाच्या लेबलची प्रत आहे का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्याला उत्तर देता येते असा प्रश्न विचारला की जाणती माणसे आपली तबकडी काढून बघतात, आणि तुमच्या नोंदीतला एखादा रिकामा रकाना भरतो. मतही द्या, पण जागा दाखवून: 'अप्रतिम' नको, 'अकराव्या मिनिटाला कोमल रिषभावर थांबतात तिथे' असे लिहा.

फोटोतून विक्रेत्याचा फोन, पत्ता आणि पावती कापून टाका. जुन्या मालकाची सही ओळखू येण्याजोगी असेल तर तीही झाका.

सावध: फाइल पाठवण्याआधी साल बघा. भारतीय कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९६१ साली निघालेल्या तबकडीचा हा हक्क २०२१ अखेर संपला. मात्र रचनाकाराचा हक्क वेगळा, तो मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, त्यामुळे नाट्यपदे आणि भावगीतांत जास्त सांभाळा. साल ठरत नसेल तर लेबल, नोंद आणि मिनिट-सेकंद सांगा, फाइल घरात ठेवा.

कोणी दुरुस्ती सुचवली तर सूचीत जुने खोडू नका. नवे शेजारी लिहा, कोणी कधी सांगितले ते टाका. रागाच्या नावावरचे वाद कधी दोन वर्षांनी पुन्हा उपटतात, आणि तेव्हा आधी काय ठरले होते ते कुणालाच आठवत नसते. जादा प्रत हाती आली असेल तर तीही याच नोंदीखाली जाहीर करा, स्थितीसकट. कुठे टकटक आहे हे आधीच लिहिलेली प्रत बदलीत चटकन जाते; न सांगता दिलेली आठवड्याभरात परत येते, आणि बहुतेक वेळा शिवण उसवून.